कोणाविषयीही तक्रार नाही

आमच्या कचेरीत त्याला सगळे खुणेकर म्हणतात. हे काही त्याचं आडनाव नव्हे, पण दारावरच्या पहारेकऱ्याला अजून तसंच वाटतं. स्कॅन केलेला कागद कसला आहे हे कॉम्प्युटरने आपलं आपण ओळखावं, म्हणून त्याला खुणेचे शब्द नेमून द्यायचे, हे त्याचं काम. पानावर 'रजा' दिसलं की कागद रजेच्या खात्यात, 'देयक' दिसलं की हिशेबनिसाकडे. नियम वरून खाली चालतात. पहिली खूण पटली की पुढचं वाचतंय कोण! तक्रारी दडपल्या जातात म्हणून कचेरीच्या प्रमुख, मोठ्या बाईंनी एकदा सगळ्यांना धारेवर धरलं, तेव्हापासून 'तक्रार' हा शब्द त्याने सर्वांत वर नेऊन बसवला.

माणूस सरळ, पण असा घुमा की विचारू नका. माझं टेबल त्याला लागून, तरी आमचं बोलणं म्हणजे "पंखा कमी करू का?" डबा खिडकीकडे तोंड करून खाणार. घरी कोणी नाही; जोडून सुट्टी आली की इतरांचे चेहरे फुलतात, याचा पडतो.

दुसऱ्या गावी त्याची थोरली बहीण असते. नवरा गेल्यापासून तीही एकटी, त्यात नजर अधू झालेली. त्या गावच्या शाखेत एक जागा निघाली आणि स्वारी एकदम खुलली. "ताई म्हणते, मागची खोली तुझीच," आपण होऊन मला सांगितलं. मला भरून आलं, खरंच.

बदलीचा अर्ज त्याने मला दाखवला. "येथे सर्व ठीक आहे. माझी कोणाविषयीही काही तक्रार नाही. तरी शक्य असल्यास विचार व्हावा."

"अहो, हा अर्ज आहे की माफीनामा? जरा जोर लावा!"

"नको. उगाच गळ्यात पडल्यासारखं दिसतं."

अर्ज स्कॅनला गेला. मी रोज त्याच्या मागे, की आत जाऊन विचारा. तो म्हणे, येईल की उत्तर. उत्तर आलं, पण तक्रार विभागाकडून! स्क्रीनवर त्याचाच अर्ज आणि खाली प्रश्न: 'तक्रार कोणाविरुद्ध आहे ते नमूद करावे.' कॉम्प्युटरने 'तक्रार' तेवढं पाहिलं. पुढच्या 'नाही'शी त्याला काय देणंघेणं?

तो धावत मोठ्या बाईंकडे गेला. जागा कालच भरली होती, त्यांच्यापर्यंत पोचलेल्या एकुलत्या एक अर्जावर, आणि तो दुसऱ्याच कोणाचा होता.

"तुमचाच नियम तुमच्या मुळावर आला ना!" मी खेकसले. रागापेक्षा रडूच येत होतं मला. त्याने आधी नियम दुरुस्त केला: 'तक्रार नाही' असेल तर कागद पुढच्या नियमाकडे सोडावा. "दुसऱ्या कोणाचं असं व्हायला नको," म्हणाला. मग त्याने बहिणीला फोन लावला. तिचा आवाज खणखणीत, मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, नाही जमलं गं."

"असू दे. तिथं ठीक आहे ना तुझं?"

"हो, सगळं ठीक... नाही गं ताई. मला इथं मुळीच करमत नाही. घर खायला उठतं."

मग ती म्हणाली, "अरे, मग हे अर्जात का नाही लिहिलंस?"