मिरचीनं वाकणारा शेंडा

गळाची काठी निवडायची माझी एक पद्धत आहे. दुकानात जाताना भाजीच्या पिशवीतली एक हिरवी मिरची हाताशी ठेवायची. काठीला दोरी लावायची, दोरीच्या टोकाला मिरची बांधायची आणि काठी आडवी धरायची. मिरचीच्या वजनानं शेंडा वाकला तर काठी घ्यायची. ताठ राहिला तर परत द्यायची. कर्जतच्या दुकानदारानं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "आजी, मिरचीला मासा लागतो?"

"तिखट खाणारा असंल तर लागंल," मी म्हटलं.

ही अक्कल मी जन्माला येताना आणली नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा आमचे हे दर रविवारी होडी घेऊन धरणात जायचे. होडी अगदी सावकाश वल्हवायची आणि दोन काठ्या दोन अंगांना बाहेर काढून गळ पाण्यातून ओढत न्यायचे, अशी त्यांची रीत. हे वल्हवणार आणि काठ्या मी धरणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं. माहेरच्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटातून स्वतः काठी तोडून आणली. मोठा मासा हवा तर काठी जाड हवी, एवढं शहाणपण माझ्याजवळ होतं. बुंधा मनगटाएवढा, शेंडा अंगठ्याएवढा.

ह्यांनी ती खालपासून वरपर्यंत पाहिली. म्हणाले, "मासे धराय चाललोय गं, मांडव घालाय नाय."

मी लक्ष दिलं नाही. धरणातली चिलापी मासळी गळ तोंडात घेते ती मीठ बघितल्यासारखी. शेंडा मऊ असेल तर जरासा डुलतो आणि आपल्याला कळतं. माझ्या काठीला म्हैस लागली असती तरच मला कळलं असतं. वर्षभर मी गांडुळं पुरवली आणि रिकामा गळ वर काढला. मासे माझ्या जिवावर बाळसं धरत होते आणि मी गावभर सांगत होते की या धरणात मासेच नाहीत. पाण्याला दोष दिला, ह्यांच्या वल्हवण्याला दिला. काठीला दिला नाही, कारण ती मी निवडली होती. शेवटी तिच्यावर पडवीत कपडे वाळत घालायला लागले. ते काम ती चोख करते.

यंदा होडीतून उतरताना हे घसरले. लागलं काही नाही, पण मोहोपाड्याला कंपनीत असलेल्या आमच्या मुलानं ऐकलं आणि जाहीर केलं, "होडी देऊन टाकतो. तुमचं वय काय, चाललंय काय." ह्यांनी ताटातली भाकरी अर्धी ठेवली. होडी गेली असती तर आम्हा दोघांना एकत्र बसायला टीव्हीच उरला असता, आणि ह्यांना आवाज मोठा लागतो.

मी म्हटलं, "दे की. पण एकदा येऊन बघ, मग दे."

रविवारी तो आला. मिरचीनं पारखलेल्या माझ्या दोन काठ्या मी घेतल्या आणि पडवीतले कपडे उतरवून ती तिसरी त्याच्या हातात दिली.

"आई, ही वाळत घालायची काठी हाय."

"आधी गळाचीच होती रं. मजबूत हाय."

त्यानं ती हातात तोलून पाहिली आणि खूश झाला. माझाच मुलगा आहे. ह्यांनी काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वल्हं उचललं.

दुपारपर्यंत मला सहा चिलाप्या मिळाल्या. त्यानं नऊ वेळा गळ वर काढला, नऊही वेळा रिकामा.

"गांडूळ खातात नि जातात. मला कळत कसं नाय?"

"काठी ताठ धर," मी म्हटलं.

त्यानं आणखी ताठ धरली. ह्यांना खोकला आला.

काठावर आल्यावर मी विचारलं, "मग, होडी कधी देतोस?"

"होडीचं नंतर बघू. पुढच्या रविवारी या माशांना सोडत नाय."

तेव्हापासून दर रविवारी तो आमच्याआधी होडीत बसलेला असतो. उतरताना बापाचा हात धरतो. मासा त्याला अजून एकही लागलेला नाही. परवा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, यापेक्षा जाड काठी कुठं मिळंल?"

माहेरचं कळकाचं बेट अजून आहे, असं मी त्याला सांगितलं.