सुताला ओल लागते

संपात बाबांची सूतगिरणी बंद पडली ती पडलीच. त्यानंतर ते आमच्या मुलुंडच्या खोलीत नुसते बसून असायचे. आई कधीच गेली होती. घरात आम्ही दोघंच. मी घाटकोपरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. एका रविवारी बोलून गेले, "मरोळला वॉचमनची जागा आहे, ती तरी धरा. गिरणीचं सुतक किती वर्षं पाळणार?" त्या दिवसापासून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

त्यांची एक खोड होती. ऐन उन्हाळ्यातही खिडक्या लावून घ्यायचे आणि दोरीवर ओला पंचा टांगायचे. मी आले की तणतणत खिडक्या उघडायचे, ते मुकाट्याने पुन्हा लावायचे. दिवसभरात आमचा संबंध काय तो एवढाच.

मग कॉलेजात माझं व्याख्यान ठरलं: मोठमोठ्या दीर्घिकांत नवे तारे जन्मायचे का थांबतात. घरी ऐकणारं कोण? भिंतीकडे तोंड करून मी तालीम करत होते. "अब्जावधी ताऱ्यांचा हा गोतावळा, पण सगळे म्हातारे, लालसर. वायू संपला म्हणावं, तर तसंही नाही. वायू आहे, पण भयंकर तापलेला. तो निवल्याशिवाय गोळा होत नाही आणि गोळा झाल्याशिवाय तारा होत नाही. तो निवत का नाही, हे अजून कुणाला नीट उमगलेलं नाही."

"तसाच असता गो," मागून आवाज आला. तब्बल सात महिन्यांनी. "कापूस ढीगभर असांदे. गिरणीच्या खात्यात हवा तापली, सुकली, की सूत तुटताच. म्हणान खिडक्यो लावन पाणी फवारूचा लागता."

तेव्हा कुठे मला त्या खिडक्या कळल्या. माफी मागायची होती, पण मी पडले विदुषीबाई. "ते वेगळं हो, बाबा," म्हणाले आणि तालीम पुढे रेटली. ते उठून पंचा पुन्हा भिजवायला गेले.

व्याख्यान झकास झालं. त्याच महिन्यात बाबा कोकणात गावी गेले आणि तिथेच वारले.

आता खोलीत मी एकटी. खिडक्या लावते, पंचा भिजवून दोरीवर टाकते, भिंतीकडे तोंड करून बोलते. "तो निवत का नाही," इथपर्यंत आले की थांबते. बराच वेळ थांबते.