फणसाच्या दाराला मोरीचा वास

"रे बाबल्या, ह्या दार काढ आधी! आत्ताच्या आत्ता काढ!" आबा मास्तर देवघरासमोर उभे राहून ओरडत होते.

उद्या त्यांच्या घरी गणपती येणार. मी सकाळीच बसवलेल्या फणसाच्या नव्या दारापुढे बत्तीस मांजरं. बरं, चार म्हणा. पण भूक बत्तिसांची.

"अख्खो श्रावण मी माशाक शिवाक नाय. आणि देवाच्या दाराक मोरीचो वास?"

मी सुतार. मला जुने रंधे जमवायचा नाद. रंधा म्हणजे लाकूड सोलून गुळगुळीत करायचं हत्यार. तळाच्या फटीतून पात्याची धार जेमतेम डोकावते. माझ्याकडे असे एकोणीस. त्यातला इंग्रजी लोखंडी रंधा खारेपाटणच्या भंगारवाल्याकडचा. उचलायला दोघं लागतात, एक मी आणि दुसरी माझी कंबर. खाऱ्या वाऱ्याने तो गंजायला लागला. आमच्याकडे होडीला मोरीचं, म्हणजे शार्कचं, तेल चोपडतात. होडीला चालतं, तर रंध्याला का नको? चोपडलं. पुसायला विसरलो. त्यानेच दाराचं फिनिशिंग केलं. तीस वर्षं होड्या दुरुस्त करून नाक मेलेलं, मला काही कळलं नाही.

"रंग मारून टाकतंय," मी म्हटलं.

"म्हणजे वास रंगीत होतलो! मशीन नाय तुझ्याकडे?"

मशीन होतं. पण ते जाड थर काढतं, दार चौकटीत खुळखुळलं असतं. तेल लागलेला केसभर थरच काढायचा तर हातरंधाच हवा. लोखंडी रंधा पिशवीत कोंबून कोपऱ्यात ठेवला. घरी जाऊन पिंगुळीच्या एका म्हाताऱ्या सुताराने दिलेला लाकडी रंधा आणला. त्याला आयुष्यात तेल ठाऊक नाही. पातं दगडावर पाजळलं, दार उतरवलं आणि ओणवा झालो. छिलका इतका पातळ निघत होता की त्यातून मास्तरांचा राग दिसत होता. दोन्ही बाजू, चार-चार वेळा. दिवेलागणीला दार चौकटीत होतं, पाठ कुठे होती देव जाणे.

दार आधी मास्तरांनी हुंगलं, मग त्यांच्या बायकोने, मग शेजारणीने. पास.

हत्यार लाकडाला लावण्याआधी पुसावं. एवढं शिकायला मला एकोणीस रंधे लागले.

अंग थकलं होतं, तोंड कुठलं थकायला? म्हटलं, "बघा मास्तर, आसा काय दाराकडे एक तरी मांजर?"

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं.

"नाय. सगळी तुझ्या पिशयेर बसलीहत."