माझं कोरड्यास, त्याचं कालवण

मी थोरला जावई. चुडाव्याच्या सासरवाडीत माझा थाट असा, की मी वेशीत शिरलो की कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची. पहिलं ताट माझं, तुपाची पहिली धारही माझीच. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि अधिक महिन्यात धोंडे खायला आम्हा दोन्ही जावयांना बोलावणं आलं.

साडू साताऱ्याकडचा. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात तेव्हा एसटी कधी बंद पडंल याचा नेम नव्हता, म्हणून तो रेल्वेनं आला. उंच, गोरा, मिशी इतकी कोरीव की तिच्यासाठी सुतार ठेवला असावा. मला त्याचं काहीच वाटलं नाही. फक्त भूक गेली.

पाटावर बसल्या बसल्या त्यानं सासूबाईंना विचारलं, "मामी, कालवण काय केलंय?"

आमच्याकडं भाकरीसंगं जे पातळ असतं ते कोरड्यास. कालवायचा तो भिंतीचा चिखल, नाहीतर म्हशीचं आंबोण. मी कशाला सोडतो?

"साडूभाऊ, कालवण गोठ्यात हाय. म्हशीनं ठेवलं असंल तर आणायला लावतो."

मेहुणे असे हसले, की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट पोखर्णीच्या देवळावर जाऊन बसली.

साडूनं भाकरी कुस्करली, वर वांग्याचा रस्सा ओतला अन् बोटांनी एकजीव करत म्हणाला, "मामी, भाकरी कुठली अन् रस्सा कुठला, हे वळखू येईना झालं की ते कालवण. तुमच्या घरात मीबी तसाच कालवून जावं म्हणतो."

झालं! सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "किती ग्वाड बोलायलेत, बाई!"

दुसऱ्या दिवशी धोंड्यांवरची तुपाची पहिली धार त्याच्या ताटात. धार कसली, गोदावरीचा पूर. मी माझं ताट जरासं पुढं सरकवलं.

"जावईबापू, तुमी तर घरचेच," सासूबाई म्हणाल्या. "तुमाला काय घाई हाय?"

दाराआडून माझीच बायको फिसकन हसली. "का वो, पोटात कालवाकालव व्हायलीय का?"

आता त्या घरात कोरड्यास म्हणणारं कुणी उरलं नाही. आमच्याही घरात बायको पातेलं घेऊन विचारते, "कालवण वाढू?"

"कोरड्यास असंल तर वाढ."

"ते न्हाई केलं."

मग मी भाकरी कोरडीच खातो. पातेल्यात वांग्याचा रस्सा असतो, एवढं नाकाला कळतं.