वहीताई आणि पुढचं वाक्य

पडदा अजून उघडायचा आहे. दोन घंटा झाल्या आहेत. रंगमंचावर निळसर काळोख, मधोमध लाकडी सिंहासन, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, कारण ते डुगडुगतं. पडद्यापलीकडे पाचशे माणसं खुर्च्यांचे आवाज करत स्थिरावताहेत. डाव्या विंगेत, दोरांच्या गुंडाळ्यांशेजारी एक स्टूल आहे आणि स्टुलावर एक बाई. मांडीवर वही, वहीवर कापडात गुंडाळलेला छोटा दिवा, कानामागे पेन्सिल. प्रेक्षकांना ती कधीच दिसली नाही. आम्हा नटमंडळींना मात्र ती दिसल्याशिवाय पाऊल पुढे पडायचं नाही. होऊ द्या तिसरी घंटा. आज नायिका तीच आहे.

नाव तिला होतं, पण कंपनीत सगळे वहीताईच म्हणायचे. ती प्रॉम्प्टर होती. नट वाक्य विसरला की पहिले दोन शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवायचे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानापर्यंत पोचू द्यायचे नाहीत, हे तिचं काम. सत्तावीस वर्षं तिने ते केलं. त्यातली बावीस वर्षं मी तिच्या जिवावर राण्या केल्या. माझ्या पाठांतराचं लोक कौतुक करायचे तेव्हा ती विंगेत जांभई द्यायची. मला ती राणीसरकार म्हणायची. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी कधी तपासलं नाही.

शब्द देणं सोपं असतं. कधी द्यायचे नाहीत हे कळणं अवघड. नट गप्प झाला, तर तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय? मुद्दाम थांबलेल्याला शब्द देणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढून घेणं. म्हणून वहीताई तालमीत प्रत्येकाचे थांबे मोजायची आणि वहीत त्या जागी पेन्सिलीने गोल काढून त्यात आकडा लिहायची. दुसऱ्या अंकात मुलगा युद्धात पडल्याची बातमी येते, तेव्हा माझी राणी सहा आकडे गप्प राहायची. माझ्या गोलात सहा होते. सहापर्यंत वहीताई दगडासारखी. सातला तिचे ओठ तयार.

एका दुपारच्या प्रयोगात मी सहाला पोचले आणि पुढे काहीच नव्हतं. नटांना ही जागा माहीत असते. पायाखाली फळी असते, पाय नसतात. सात झाले. आठ झाले. मी मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेत पाहिलं. ती जागी होती. दिवा लागलेला होता. तिचं बोट वाक्याखाली होतं. आणि ती माझ्याकडे पाहत होती, थांब्यावर उभं राहून आपली नसलेली बस पाहावी तशी. बारा झाले तेव्हा दूताचं काम करणाऱ्या म्हाताऱ्याने "आज्ञा असावी, महाराणी" असं पदरचं घातलं आणि मला वाट सापडली.

प्रेक्षकांनी त्या शांततेला टाळ्या दिल्या. मी मात्र मेकअपच्या खोलीत शिरले ती तलवार उपसूनच.

"झोप लागली होती का गं?"

"नाही."

"मग मी विसरले ते कळलं नाही?"

"कळलं. सातलाच कळलं."

"आणि?"

ती थोडा वेळ आठवत राहिली. "वाक्य समोर होतं. बोटही होतं. देऊ नये असं काही मनात नव्हतं. काहीच नव्हतं."

"बावीस वर्षांत मला असं कुणी उघड्यावर टाकलं नाही, वहीताई."

"हो."

"लाज वाटायला हवी तुला."

"हो, वाटायला हवी," ती म्हणाली.

भांडायलाही समोर कुणीतरी लागतं. मी मुकुट काढून खुंटीला लावला.

दोन दिवसांनी तिच्या घरी गेले. माफी मागायची की मागायला लावायची, हे जिना चढताना ठरवणार होते. तिसऱ्या मजल्यापर्यंत ठरलं नाही. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची, खुर्चीत तिचे यजमान. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात त्यांची उमर गेली होती. पाच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि हाताबरोबर शब्दही गेले. माणसं ओळखायचे, विनोदाला हसायचे, वर्तमानपत्र कुणी उलटं हातात दिलं तर सुलटं करायचे. बोलायला गेले की जिभेवर काही यायचं नाही.

"ते... ते..." त्यांनी डावा हात उचलला.

"पाणी," वहीताई आतून म्हणाली आणि पेला घेऊन आली.

माझ्याकडे बघून ते किंचित हसले आणि पाणी प्यायले. त्यांना पाणी नको होतं हे मला दिसत होतं. ऊन डोळ्यांवर येत होतं, खिडकीचा पडदा ओढायला हवा होता. पण काही नट असे असतात की मिळालेलं वाक्य चुकीचं असलं तरी बोलून टाकतात, देणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. तसा त्यांचा स्वभाव. मी उठून पडदा ओढला. म्हणजे ही बाई विंगेतून उठून घरी यायची आणि घरातही पुन्हा विंगेतच बसायची. पाच वर्षं तिचं मध्यंतर झालंच नव्हतं.

तिने चहा आणला. मी एक घोट घेतला आणि थांबले. साखरेऐवजी मीठ पडलं होतं. मी तिच्याकडे पाहत राहिले. घोट घोट करत तिने स्वतःचा कप संपवला आणि बशीत ठेवला.

"कसा झालाय गं चहा?" मी विचारलं.

"चहासारखा."

मनात आणलेली सगळी भाषणं मी तशीच परत नेली.

यजमानांना दर बुधवारी रुग्णालयात बोलण्याच्या व्यायामाला न्यावं लागायचं. त्यांना जिना उतरवायला दोन माणसं लागायची. त्या बुधवारपासून दुसरं माणूस मी झाले. तिथला शिकवणारा तरुण शांत होता. चित्रांची कार्डं एकेक करून समोर धरायचा.

"हे काय आहे, काका?"

"छत्री," वहीताई म्हणाली.

"काकू, मी काकांना विचारलं."

"हो."

"आणि हे?"

"किल्ली."

असं चार वेळा झालं. मग त्याने कार्डं उलटी करून टेबलावर ठेवली. "बरं काकू, आता तुम्हालाच विचारतो. तुम्ही कशा आहात?"

वहीताईचा हात आपोआप पिशवीत गेला. ती वही शोधत होती. मी हसले. तो तरुण हसला नाही, आणि मग मलाही हसवेना. त्याने एका कागदावर दोन ओळी लिहून तिला शेजारच्या दारात पाठवलं. तिथे समुपदेशक बाई बसायच्या. मनाचं ऐकून घेणाऱ्या.

पाऊण तासाने वहीताई बाहेर आली.

"कशा आहेत बाई?" मी विचारलं.

"चांगली आहे. पाठांतर नाही बिचारीला."

"म्हणजे?"

"एक प्रश्न विचारते आणि अडकते. मी मोजलं. दहा झाले, पंधरा झाले. शेवटी मीच दिलं तिला पुढचं वाक्य."

"काय दिलंस?"

"घरी कोण कोण असतं, असं. तिने विचारलं, मी सांगितलं, पुन्हा अडकली. पुन्हा दिलं. मग म्हणाली, मी विसरले नाहीये, मी तुमच्यासाठी थांबलेय."

"मग?"

"मी म्हटलं, या प्रवेशात माझं काही नाही." तिने यजमानांचा मफलर नीट केला. "पुढच्या बुधवारी नको आता. तिचा वेळ जातो."

परत येताना रस्ता ओलांडायचा होता. मी यजमानांना धरून फुटपाथवर थांबले आणि वहीताई पुढे चालत गेली. डावीकडून बस आली. हॉर्न असा वाजला की दुकानातली माणसं बाहेर आली. ती थांबली नाही, पळालीही नाही. यजमानांना खांबाला टेकवून मी धावले आणि तिची बाही धरून मागे ओढली. बाही खांद्यापासून उसवली.

"हॉर्न ऐकू आला नाही?"

"आला की."

"मग?"

"माझ्यासाठी वाजतोय असं वाटलं नाही," ती म्हणाली, आणि उसवलेल्या बाहीकडे बघत, "ही शिवावी लागेल."

त्या क्षणी मला कळलं की प्रश्न माझ्या वाक्याचा उरलेला नाही. ही बाई त्या दारातून पुन्हा आत गेली नाही, तर एखाद्या दिवशी बाही धरायला कुणी नसेल.

पुढच्या बुधवारी मी तिच्या घरी लवकर पोचले. आधी गोडीत सांगितलं. मग रडले. मला कधीही रडता येतं, तिला ते माहीत होतं. तिने रुमाल दिला. मग मी धमकी काढली. "तू आत जाणार नसशील तर मी प्रयोगाला उभी राहणार नाही."

"नको राहूस," ती म्हणाली. रुसून नाही. बाहेर ऊन आहे का बघ, इतक्या सहज.

माझ्याकडचं सगळं संपलं. मग मी खुर्चीपाशी गेले. "भावोजी, तुम्हीच सांगा. हिने जावं की नाही?"

त्यांनी डावा हात उचलला. "ते..."

वहीताईचे ओठ उघडले. मी सरळ तिच्या तोंडावर हात ठेवला. बावीस वर्षं जिने मला शब्द दिले तिचं तोंड मी दाबून धरलं आणि मनात मोजायला लागले. वीस झाले. तीस झाले. त्यांच्या कपाळावर घाम आला. माझ्या तळव्याखाली तिचे ओठ दोनतीनदा हलले, मग हलायचे थांबले. सत्तेचाळीसला ते म्हणाले, "जा."

पाच वर्षांत त्यांच्या तोंडून आलेला, कुणी न दिलेला तो पहिला शब्द. नाटकात मी इथे गुडघ्यावर बसले असते. वहीताईने "बरं" म्हटलं आणि चपला पायात सरकवल्या.

नंतर काय झालं? फारसं काही नाही, आणि ते मी तसंच सांगणार आहे. बाईंनी तिला समजावलं ते तिने मला बसमध्ये सांगितलं, दुसऱ्याचं वाक्य सांगावं तसं. शरीर सत्तावीस वर्षं सातव्या आकड्यावर ताटकळत उभं आहे. नसांना एकच सवय लागलीय, आता कोण अडखळणार त्याची वाट बघायची. खूप दिवस तसं चाललं की एक दिवस आतला मेन स्विचच पडतो आणि मग गरम, गार, दुःख, भीती, काहीच पोचत नाही. हा आळस नाही, वेडही नाही. हा थकवा आहे आणि तो नुसत्या झोपेने जात नाही. रोज वीस मिनिटं अशी हवीत की कुणाचाच शब्द तिच्यावर अवलंबून नसेल. पाय जमिनीवर टेकून बसायचं, श्वास आत घेतो त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडायचा.

कंपनीतून तिने तीन महिन्यांची रजा घेतली. तिच्या स्टुलावर एक नवी मुलगी आली. तिला ते गोल कशाचे तेच कळेना. माझ्या राणीला ती दर प्रयोगाला चौथ्या आकड्यावर शब्द द्यायची, अगदी पहिल्या रांगेला ऐकू जाईल असा. मी मुकाट्याने घ्यायचे. कर्ज म्हणा हवं तर.

संध्याकाळची ती वीस मिनिटं मी यजमानांपाशी बसायचे. मला शब्द देता येतच नव्हते, आयुष्यभर नुसते घेतले होते, त्यामुळे आमचं बरं जमलं. ते शोधत राहायचे, मी बसून राहायचे. वहीताई गच्चीवर बसायची.

"काय केलंस?" मी विचारायचे.

"बसले."

"काही वाटलं?"

"नाही."

पाच बुधवार गेले, आठ गेले. ती आत जायची, बाहेर यायची. एकदा म्हणाली, आज बाई वीसपर्यंत गप्प होती आणि मी दिलं नाही. एवढीच बातमी. मी घरी जाऊन ती बातमी दोनदा स्वतःशीच म्हटली.

अकराव्या बुधवारनंतरच्या दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात चहा केला. साखर चाखून घातली. तीन कप बाहेर आणले. यजमान खिडकीशी होते, पडदा त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताने ओढला होता. वहीताई समोर बसली, कप दोन्ही हातांत धरून.

"कशी आहेस, वहीताई?" मी विचारलं.

ती गप्प राहिली. माझ्याकडे पाच उत्तरं तयार होती. बरी आहे. थकलेय. झोप लागते आता. राणीसरकार, पुरे. काही नाही. कोणतंही दिलं असतं तर तिने ते घेतलं असतं, तेवढी ती चांगली होती. मी ओठ मिटून मोजत राहिले. सहा गेले. बारा गेले. खाली कुणीतरी सायकल लावली, तिचा स्टँड पडल्याचा आवाज आला. यजमानही तिच्याकडेच बघत होते. तिसाच्या पुढे माझे आकडे चुकले. तिने कप तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि थांबली. कपात पाहिलं. मग तो खाली ठेवून माझ्याकडे सरकवला.

"चहा गार झालाय," ती म्हणाली. "दुसरा कर."