‘घाण’ म्हणजे आवडला

माझ्या धाकट्या नणंदेला बघायला लोणीचे पाहुणे आले, आणि पुढच्याच रविवारी दोन्ही घरांनी मिळून पिक्चरला जायचं त्यांनी काढलं. मुलगा चाकणला कंपनीत होता. “पोरापोरीची वळख व्हईल, आपलीबी व्हईल,” असं त्याच्या आईचं म्हणणं. आमच्या निरगुडसरच्या घरात असलं काही कधी झालं नव्हतं, पण स्थळ चांगलं म्हणून सगळे तयार झाले. नणंद मंचरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिनं त्यासाठी सुट्टी बदलून घेतली.

पिक्चर विनोदी होता, बायकांना समजून घेण्यावरचा. नायकाला एकेक मुलगी नाकारते, म्हणून तो मावशीच्या ब्यूटी पार्लरमध्ये कामाला राहतो. तिथं बायकांचं बोलणं ऐकून बाई म्हणजे काय ते शिकायचं, हा त्याचा बेत. मध्यंतरापर्यंत मीही हसले, खोटं कशाला सांगू. मावशीचं काम करणारी नटी फक्कड होती. भुवया कोरता कोरता ती गिऱ्हाइकाच्या सासूची नक्कल करायची, तेव्हा शेजारी बसलेल्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

मध्यंतरानंतर त्या शिक्षणाचा निकाल लागला. एवढं सगळं ऐकून नायक एकच गोष्ट शिकला होता: बाईच्या तोंडात एक असतं आणि मनात दुसरं. नायिका त्याला नाही म्हणते. तो तिच्या ऑफिसात जाऊन उभा राहतो. ती पुन्हा नाही म्हणते. तो तिच्या गल्लीत बँड आणतो. ती खिडकी लावून घेते, आणि पुढच्या गाण्यात त्याच्या गळ्यात पडते. शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं. खवट शेंगदाणा दाताखाली यावा तसं माझं तोंड कडू झालं.

बाहेर आल्यावर रसवंतीत बसलो. सासरे म्हणाले, “झ्याक व्हता. करमणूक झाली.” नवरा म्हणाला, “टाइमपास हाय, डोकं कशाला लावायचं?” आत्यांना मावशी आवडली, नायक नाही. “त्यो शेवटपत्तूर कामधंदा काय करीत व्हता, कळलं का कुनाला?” मुलाच्या आईला शेवटी रडू आलं होतं.

मुलगा खुशीत होता. “लई भारी राव! खरंच दाखवलंय. पोरी तोंडानं नाय म्हनत्यात, पन मनात व्हय असतंय.” मग नणंदेकडे वळून त्यानं विचारलं, “तुमाला कसा वाटला?”

“घाण,” ती म्हणाली.

तो खदखदून हसला. “बघा! घाण म्हनली, म्हंजे आवडला.”

सगळे हसले. नणंदेनं रसाचा ग्लास खाली ठेवला तो परत उचलला नाही.

घरी आल्यावर तिनं नकार सांगितला. सोयरीक जुळवणाऱ्या नात्यातल्या काकांनी तो नीट, गोड शब्दांत लोणीला पोचवला. मला वाटलं, संपलं.

मग मुलाचे मेसेज सुरू झाले. तिनं नंबर ब्लॉक केला, तर त्यानं दुसऱ्या नंबरवरून फोन केला. एक दिवस गुलाबाची फुलं घेऊन तो लॅबमध्ये आला आणि रक्त द्यायला बसलेल्या पेशंटांच्या देखत ती तिच्या टेबलावर ठेवली. तिनं फुलं कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिथल्या मॅडम तिला म्हणाल्या, “अगं, किती रोमँटिक आहे! आमच्या वेळी कुणी असं करत नव्हतं.” घरी येऊन तिनं मला हे सांगितलं. माझा नवरा जेवता जेवता म्हणाला, “पोरगा जीव लावतोय. वाईट काय हाय त्यात?” मला त्याला वाढायचीसुद्धा किळस आली. मी भाकरीची टोपली त्याच्यापुढं सरकवली आणि उठले.

पुढं तिचा वाढदिवस आला. दुपारची वेळ. आमच्या अंगणात कांद्याची काटणी चालू होती. गावातल्या बायका रांगेनं बसून पाती कापत होत्या, नणंदही त्यांच्यातच होती. तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला. टेम्पोत स्पीकर, त्यावर त्याच पिक्चरचं गाणं, पुढं तो मुलगा हातात केक घेऊन, आणि मागं त्याचे मित्र मोबाइल वर धरून शूटिंग करत.

नणंद उठली. हात कांद्यानं माखलेले. ती म्हणाली, “मला लग्न करायचं नाय. तुमाला आधीच सांगितलंय. निघा इथनं.”

मित्रांनी टाळ्या वाजवल्या. एकजण ओरडला, “वहिनी लाजल्या!” मुलगा हसत एक पाऊल पुढं आला.

तेव्हा ती त्याच्याकडं पाठ करून बायकांकडं वळली. “मी काय म्हनले, तुमी ऐकलं ना?”

मग एक म्हातारी, हातातला विळा तसाच धरून, उभी राहिली. “नाय म्हनली ती. मला कमी ऐकू येतं, तरी मला ऐकू आलं.” दुसरी उठली, मग सगळ्याच उठल्या. आत्या सरळ टेम्पोकडं गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “बंद कर रं ते.” गाणं थांबलं. मुलाचं हसू तेव्हा कुठं उतरलं. “यवढा भाव कशाला खाती?” असं काहीतरी पुटपुटत तो गेला.

व्हिडिओ मात्र फिरला. खाली लोकांची मतं: कुणी म्हणे बरं केलं, कुणी म्हणे पोरी माजल्यात, कुणी तिच्या रंगावर बोललं, कुणी चालीवर. माझ्या नवऱ्यानं ते सगळं वाचलं. त्याचा चेहरा काळवंडला. दुसऱ्या दिवशी तो बहिणीला गाडीवर बसवून पोलीस ठाण्यात घेऊन गेला. तिथून मुलाला बोलावणं गेलं, समज दिली गेली, आणि फोन थांबले.

चार दिवसांनी मुलाचे आईवडील माफी मागायला आले. वडील म्हणाले, “पिक्चर बघून पोरं वाया जात्यात.” मला पटलं नाही. पिक्चर तर आत्यांनीही पाहिला होता. चहा पिता पिता मुलाची आई नणंदेला म्हणाली, “तू जरा हसून, गोड बोलून नाय म्हनली असती, तर यवढं वाढलं नसतं.”

“पयल्यांदा गोडच सांगितलं व्हतं,” नणंद म्हणाली. “मधी काका व्हते, त्यांना इचारा.”

आत्या म्हणाल्या, “चा झाला असंल तर निघा पावणं.”

नणंद आजही मंचरला कामाला जाते. पुढची स्थळं तूर्त थांबली आहेत, व्हिडिओमुळं की तिच्यामुळं, कोण जाणे. मागच्या महिन्यात मी माहेरी, महाळुंगे पडवळला गेले, तर शेजारच्या बाईनं मोबाइलवर तोच व्हिडिओ दाखवला. ती मुलगी माझी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. “बघ की, त्यो यवढा केक घिऊन आलाय, आन ही बया!” ती म्हणाली.

मी सांगितलं, ही माझी नणंद. ती ओशाळली. मोबाइल उलटा ठेवला, विषय बदलला, माझ्या मुलांची चौकशी केली. जाता जाता उंबऱ्यात थांबली आणि हळूच म्हणाली, “पन पोरगा दिसायला चांगला हाय, नाय का?”