येडीची विहीर

शनिवार उजाडला की आमचे हे चहासुद्धा उभ्यानं पितात. नाव लालासाहेब, पण साहेबपणा अंगात औषधालाही नाही. साताऱ्याकडच्या औंधच्या पलीकडं माळावरच्या एका गावात झेडपीच्या शाळेवर गुरुजी आहेत. शनिवारी दप्तर नसतं, म्हणून हे चौथीच्या पोरांना घेऊन रान तुडवत हिंडतात. ते त्याला शिवारफेरी म्हणतात, मी उनाडकी म्हणते. मी कडेगावची, उसाच्या हिरव्या रानात वाढलेली. ह्या उघड्याबोडक्या माळावर बघण्यासारखं काय असतं, देव जाणे! आमचा पोरगा सांगलीत विश्रामबागला राहतो, तिकडं बदली मागा म्हटलं, तर म्हणतात, "तिथं पोरांना काय दाखवू? पार्किंग?"

पण खोटं कशाला बोलू, पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. ओढ्याकाठी शेंदूर फासलेला एक दगड आहे. गाव त्याला देव समजून नारळ फोडतं. ह्यांनी पोरांना त्याच्यासमोर बसवलं, दगडावर कोरलेल्या गाई शोधायला लावल्या आणि सांगितलं, गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्या कुणा गड्याचा हा वीरगळ आहे. तेव्हापासून पोरं त्या दगडाला मामा म्हणतात. घरी आले की ह्यांच्या पँटीतली कुसळं मी उपटत बसते, आणि हे शेजारी बसून मलाच शिकवतात, "बघ, गवत किती हुशार! तुझ्याकडनं फुकटात बी पेरून घेतंय." असा माणूस. चिडावं तरी किती?

तर दसरा झाल्यावरच्या एका शनिवारी हे म्हणाले, "आज तूही चल. येडीच्या विहिरीवर सुगरणीची घरटी लागलीत." मी भाजलेल्या शेंगा बांधून घेतल्या आणि निघाले.

डोंगराच्या कडेला, नुसत्या मुरमात, एक कोरडी विहीर आहे. काठावरच्या बाभळीच्या फांद्या आत वाकलेल्या आणि फांदीफांदीला घरटी लोंबत होती. पाखरांचा नुसता कालवा चालला होता. नर घरटं विणतो, मादी येऊन बघते, पसंत नसलं तर तो दुसरं विणायला घेतो, हे ह्यांनी फार छान सांगितलं. मग पोरं ओरडली, "गुरुजी, येडीची गोष्ट!"

ह्यांना एवढंच पाहिजे असतं. बहात्तरच्या दुष्काळात एक बाई इथं पाणी लागेल म्हणून खणायला लागली. गाव म्हणालं, अगं मुरूम आहे, खाली खडक आहे. बाई ऐकेना. दुष्काळ सरला, पाऊस पडला, तरी ही आपली खणतेच आहे! हे डोक्यावर रिकामं घमेलं घेतल्यासारखं करून, डोळे फिरवत, लटपटत चालून दाखवायला लागले. पोरं हसून हसून लोळली. मीही हसले. गावात चहाच्या टपरीवर ही गोष्ट अशीच सांगतात, ह्यांनी तिथंच ऐकलेली.

हसली नाही ती एकटी समीक्षा. धनगराची पोर, जूनमध्येच शाळेत आलेली. बाप मल्हार मेंढरांमागं असतो, म्हणून ती डोंगरापलीकडच्या वस्तीवर आजीकडं राहते. लय हुशार पोरगी. चंडोलाचं घरटं पायाखाली यायच्या आत तिला दिसतं. फेरीला ह्यांची पिशवी कायम तिच्याच खांद्याला. त्या दिवशी मात्र तिनं पिशवी ह्यांच्या पायाशी ठेवली आणि परत येताना सगळ्यांच्या मागून चालत आली.

सोमवारी ती शाळेत नाही. मंगळवारी नाही. हे शिवतेजला, म्हणजे तिच्या शेजारी बसणाऱ्या पोराला, विचारायला गेले, तर तो म्हणाला, "गुरुजी, ती येडी तिची आजीच हाय की! तीच म्हनली. मग आमी तिला येडीची येडीची म्हनलं, तर रडत गेली."

हे चपलांसकटच घरात आले. "अगं, ती बाई जिवंत आहे," म्हणाले. चार वर्षं ह्या गावात काढली आणि कुणी सांगितलं नाही! गाव गोष्ट चवीनं सांगतं, पण गोष्टीतली बाई डोंगरापलीकडं भाकऱ्या थापतेय, हे कुणाच्या ध्यानातही नसतं. त्यात अजून एक कानावर आलं. मल्हारची मेंढरं पुढच्या आठवड्यात कोकणाकडं निघणार होती, आणि पोरगी म्हणत होती, मला शाळा नको, मी मेंढरांबरोबर येते. एकदा ती गेली की पाऊसकाळापर्यंत यायची नाही, आणि मग शाळेत कशाला येतेय?

"जाऊन या की वस्तीवर," मी म्हटलं.

"तू पण चल," हे म्हणाले. पाचवीला पुजलेलं माझ्या!

समीक्षाची आजी, बनुबाई, वाड्याशी, म्हणजे मेंढरांच्या काटेरी कुंपणाशी, कोकराला दूध पाजत बसल्या होत्या. वाळलेलं अंग, पण नजर तरतरीत. घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. हे आपले घोंगड्याच्या दशा ओढत बसले. वर्गात थांबता थांबत नाही हा माणूस! शेवटी खाली मान घालून म्हणाले, "आजी, तुमचं नाव मी पोरांना हसवण्यापायी घालवलं. चुकलो."

"आवं गुरुजी, माजं कसलं नाव जातंय?" बनुबाई हसल्या. "पन्नास वरसं ऐकतीया. पानी लागलं आसतं तर शानीची हीर म्हनले आसते. न्हाई लागलं, म्हनून येडीची. बाई तीच!"

मला ते असं लागलं म्हणून सांगू. ह्यांनी तर डोळेच मिटून घेतले.

"माजं काय न्हाई," बनुबाई पुढं म्हणाल्या, "पर पोरीचं मन मोडलंय. तिला बोला."

समीक्षा खोपटाच्या दाराआड उभी होती. हे तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले, म्हणाले, "बाळा, शाळेत ये." ती म्हणाली, "न्हाई. तुमी आजीवानी चालून दावलं. आजी तशी चालत न्हाई." एवढंच.

बनुबाईंनीच तोड काढली. "शनवारी मी येती हिरीवर. माजी गोस्ट मी सांगती. तुमास्नी नीट येत न्हाई ती."

शनिवारी त्या आल्या. समीक्षा त्यांचं बोट धरून, पोरांपासून लांब उभी. आधी ह्यांनी पोरांसमोर आपला कान धरला. "मी ह्या आजींची नक्कल केली. ते वाईट केलं. ह्यांना येडी म्हटलं, तेही वाईट केलं." गुरुजी कान धरतात म्हटल्यावर दोन-चार पोरांनी आपलेही कान धरले.

मग बनुबाई बोलायला लागल्या. पहिली पहार कुठं मारली, ते दाखवलं. मालक म्हणाले मेंढरं घेऊन जाऊ, तर ह्या म्हणाल्या, दर साली जायाचं आन् परत यायाचं, एक साल तरी इथंच ऱ्हाऊ की, पाणी असलं तर ऱ्हाता येतं. नवरा मेंढरं घेऊन गेला, ह्या राहिल्या. मुरूम संपून खडक लागला तेव्हा हाताची सालपटं निघाली. "रोज वाटायचं, आज वल लागंल. उद्या लागंल." सांगता सांगता त्यांनी विहिरीत वाकून बघितलं. पाखरं कलकलत होती. "ह्यास्नी तरी कामाला आली," म्हणाल्या.

शिवतेजनं भीतभीत विचारलं, "आज्जे, मग तू थांबलीस कवा?"

"कोन म्हनतं थांबली?" बनुबाई म्हणाल्या. "दमली म्हनून बसलीया जरा!"

पोरं खळखळून हसली. शिवतेज तर टाळ्या पिटायला लागला. पण आता सगळी बनुबाईंच्या तोंडाकडं बघून हसत होती, आणि त्या पोरांकडं.

निघताना ह्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. परत जाताना कुणी मागं राहायला नको, म्हणून प्रत्येकानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं असतं. नावं होत गेली, शेवटचं शिवतेजचं झालं. हे वळायला लागले आणि समीक्षानं आजीचं बोट सोडलं. पळत आली, ओळीच्या शेवटी उभी राहिली आणि डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडली,

"समीक्षा! येडीची!"

कुणी हसलं नाही. ह्यांनी खांद्यावरची पिशवी काढून तिच्या हातात दिली. मी पदर डोळ्यांना लावून भरपूर रडले. का रडू नये?